गाळा नंबर सातचा कॉम्प्युटर

३ मार्च २००८, सोमवार

नोकरी लागली! आणि तीही खोटं बोलून.

राहनाळचं गोदाम, गाळा नंबर सात. साबणाची, तेलाची खोकी ट्रकने येतात, टेम्पोने जातात. त्यांची आवक-जावक कॉम्प्युटरवर चढवायची, एवढंच काम. साहेबांनी विचारलं, "लिनक्स आता है?" मी म्हटलं, हो. ठणकावून हो. माझ्याआधी दोघं आले होते. ते नाही म्हणाले आणि घरी गेले.

मला काय! दीड वर्ष क्लासला कॉम्प्युटर शिकलेय. त्यात विंडोज होतं, लिनक्स नव्हतं, एवढंच. रिक्षा चालवणाऱ्याला टेम्पो येतोच की. उद्या बघू.

४ मार्च

खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्ट नाही. माय कॉम्प्युटर नाही. सगळा मेनू वरच्या पट्टीत – ॲप्लिकेशन्स, प्लेसेस, सिस्टिम. उलटं घर. चूल दारात आणि तुळस मोरीत.

पण अर्ध्या तासात तक्ता सापडला. एक्सेलसारखाच आहे, नाव वेगळं. अठ्ठावीस नोंदी चढवल्या. साहेब दुपारी डोकावून गेले, मी मानसुद्धा वर केली नाही. कामात आहे असं दिसलं पाहिजे.

दारातल्या स्टुलावर केसरीनाथ काका बसतात. गेटचं काम त्यांच्याकडे – कोण आलं, कोण गेलं. इथलेच, राहनाळचे. हा गाळा उभा आहे ती जमीन आधी त्यांचीच होती म्हणे. दिवसभर बोलत नाहीत. नुसते बघतात.

५ मार्च

पेनड्राइव्ह लावला तर त्याचं चित्र आपोआप समोर आलं. शोधावं लागलं नाही. मला हे आवडायला लागलंय.

८ मार्च, शनिवार

आज मेलेच होते.

बाहेर तीन गाड्या उभ्या. ड्रायव्हर चलान मागतोय. आणि माझा तक्ता पडद्यावरून गायब! बंद केला नाही, काही नाही. नुसतं निळं रान. सकाळपासूनच्या नोंदी त्यात, आणि मी एकदाही सेव्ह केलेलं नव्हतं. तरी ड्रायव्हरला म्हटलं, थांबा, मशीन काम करतंय.

तेव्हा काका स्टुलावरून उठून आले. म्हणाले, "मघाशी तुझा हात खाली घसरला. तितं चार खण हायत बघ बारीक. तू दुसऱ्या खणात गेलीस."

खालच्या पट्टीत कोपऱ्यात चार चौकटी. रोज दिसायच्या, मला वाटायचं नक्षी आहे. पहिलीवर टिचकी मारली – तक्ता जागच्या जागी. म्हणजे एकाच पडद्यामागे चार पडदे! एकात काम मांडून ठेवायचं, दुसऱ्यात जायचं, परत यायचं.

आधी सेव्ह केलं. मग चलान दिलं. मग पाणी प्यायले.

काकांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूस तिथे टिचक्या मारत होता, ते त्यांनी पाहिलं होतं. गेटवर बसणाऱ्या माणसाचं लक्ष – एकदा गेलेली गाडी विसरत नाही.

१२ मार्च

आत्मविश्वास वाढला की हात शिवशिवतात. वरच्या पट्टीवर उजवी टिचकी मारली. काहीतरी विचारलं त्याने, मी न वाचता हो म्हटलं. पट्टीच गेली! मेनू नाही, घड्याळ नाही, काही नाही.

या वेळी गाड्या नव्हत्या. काका आणि मी दोघंच. मी सरळ सांगून टाकलं की मला हे येत नाही, मी साहेबांना खोटं बोलले. त्यांना नवल वाटलं नाही.

"म्हायती हाय," म्हणाले. "ज्याला येतं तो माणूस येवढा ताठ बसत न्हाय."

मला हसू आलं. मग दोघं बसलो. पट्टी जिथून गेली तिथूनच येणार, असं काकांचं म्हणणं. खालची पट्टी शिल्लक होती, तिच्यावर उजवी टिचकी – नवीन पट्टी! आली, पण रिकामी. मेनू वेगळा बसवला, घड्याळ वेगळं. पाऊण तास गेला. आता ती पट्टी माझी आहे. स्वतः बांधलेली.

१३ मार्च

साहेबांना खरं सांगितलं. कधी ना कधी कळणारच होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "अब तो आता है ना?"

येतं म्हटलं. आज ते खरं होतं.

२४ मार्च

लॉगिनच्या पडद्यावर भाषेची यादी असते. आज खालपर्यंत वाचत गेले – मराठी! निवडली, आत गेले, आणि सगळं मराठीत. कचरापेटी. प्रणाली. घड्याळातला वारसुद्धा सोमवार.

काका चौथी पास. इंग्रजी वाचता येत नाही, मराठी पेपर रोज वाचतात, जाहिरातींसकट. त्यांना बोलावलं. ते उभ्यानेच वाचायला लागले, एकेक शब्द बोट ठेवून. 'अनुप्रयोग'पाशी अडले. हा कुठला योग, म्हणाले. मी सांगितलं, कामाच्या वस्तू. औजारं समजा. मग तसं लिहायचं की, म्हणाले.

मी खुर्ची सरकवली. बसले नाहीत. पण उद्या काय शिकवशील, ते विचारून गेले.

२ एप्रिल

काका आता रोज दुपारी अर्धा तास बसतात. विचारतात फार. हे का दाबायचं, चुकलं तर मागे कसं यायचं, नवीन माणसाला आधी काय दाखवावं. एवढे प्रश्न मी क्लासला दीड वर्षात विचारले नसतील. मी मास्तरीण झालेय, आणि चांगली आहे! स्वतःच स्वतःला शाबासकी. देणारं दुसरं कोण आहे?

९ एप्रिल

दोन दिवस ताप. आज गेले तर सगळ्या नोंदी चढवलेल्या. एकेचाळीस. मी सगळ्या तपासल्या. एकच चूक, तीही ड्रायव्हरच्या अक्षराची.

१४ एप्रिल

जयंती. सुट्टी. मिरवणुकीत नाचून पाय गेले.

२२ एप्रिल, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. इथून जवळच, पूर्ण्याला मोठं गोदाम घेतलंय, पाच कॉम्प्युटर, पाचही असेच. तिथलं ऑफिस मी सांभाळायचं, माणसं मी शिकवायची. पहिल्या तारखेपासून! मी विचार करते वगैरे काही म्हटलं नाही. लगेच हो.

इथल्या खुर्चीवर कोण, ते मीच सुचवायचं आहे. त्यात सुचवायचं काय? केसरीनाथ काका. स्टुलावरून खुर्चीवर. साहेब आधी हसले, पण मी त्या दोन दिवसांच्या नोंदी दाखवल्यावर मानले.

२४ एप्रिल

काकांना सांगितलं. शनिवारी सांगतो म्हणाले. मला वाटलं, खुश होतील.

२६ एप्रिल, शनिवार

काका आज एकटे आले नाहीत. बरोबर माझ्याच वयाची एक मुलगी. मनाली, त्यांची सून. बारावी झालेली. काकांचा एकुलता एक मुलगा, भावेश, दीड वर्षापूर्वी अपघातात गेला. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. हे सगळं मला आज कळतंय. महिनाभर एका टेबलाशी बसलो, मी त्यांना घरचं कधी विचारलंच नाही.

मी शिकवायचे ते काका रोज घरी जाऊन ओटीवर खडूने काढायचे – वरची पट्टी, खालचे खण, सगळं. आणि तिला सांगायचे.

"खुर्ची मला नको," म्हणाले. "हिच्यासाठीच शिकलो."

मनालीने आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला. वर डावीकडे नेला, मेनू उघडला, तक्ता उघडला. कोणालाही न विचारता.

मी वळून पाहिलं तर काका गेटवर गेले होते. पाठ आमच्याकडे.