टीव्ही खाली बसून पाह्यजो

गोपाल,

मी पहिल्या गाडीनं सेवाग्रामले चालली. बाबाले आज दवाखान्यातून सुट्टी देऊन राह्यले. पोहे झाकून ठेवले आहे, आईले खायले लावजो.

टीव्ही आजच आणजो. दुकानात उभ्यानं पाहून पसंत नको करजो, खाली बसून पाह्यजो. काही टीव्ही खालून काळे दिसते, अन् बाबा आता पडूनच पाहतीन. जुन्या टीव्हीत बॉल दिसत नाई म्हणून किती वर्षं कटकट केली त्यायनं. एचडीचा डब्बाही संगच घेजो, नाई तर नुसता मोठा पडदा काय कामाचा. भिंतीचं स्टँड अन् स्पीकर राहू दे, आपल्या पैशात बसत नाई. खाटेसमोर टेबलावर ठेवू.

दुकानदार म्हणन, थोडे जास्त द्या, पाच वर्षांची ग्यारंटी घ्या. नको घेजो. त्या पैशात एक साइज मोठा घे. एका वर्षाची कंपनी देतेच. डॉक्टरनं काल मले एकटीले बाहेर बोलावून सांगतलं, तेवढीही लागणार नाई.

आई ग्यारंटीचं विचारनच. विसरलो म्हणजो.

ताई