दुसरीच्या वर्गाचं बहुमत

२ सप्टेंबर १९५२
ऑल्डन क्रीकला पोचले आणि जीव भांड्यात पडला. नेब्रास्कात म्हणे नुसता मका. असू दे, घरमालकीणबाईंची लोणी चोपडलेली कणसं मी चार खाल्ली! दुसरीचा वर्ग, तेवीस मुलं. हेडमास्तर हॅल्व्हर्सन प्रोजेक्टरवर भलतेच खूश. दर मंगळवारी वागणूक शिकवणारा बोधपट दाखवायचा. शेवटी पडद्यावरचा भारदस्त आवाज विचारतो, तुम्ही काय कराल? मग मुलांनीच चर्चा करून हात वर करायचे. बाईंनी मध्ये तोंड घालायचं नाही, तसं माहितीपत्रकात छापलंय. मला कल्पना झकास वाटली.

९ सप्टेंबर
आजची गोष्ट खडू वाटून न घेणाऱ्या मुलीची. मुलांनी ठरवलं, तिच्याशी कुणी बोलायचं नाही. आमची आर्लिस लाजरी, खडू मुठीत धरून बसते. दिवसभर तिच्याशीच कुणी बोललं नाही. घरी जाताना माझा स्कर्ट धरून रडली पोर.

१६ सप्टेंबर
पडद्यावरची मुलगी आज हुबेहूब आर्लिस. हिरवा फ्रॉकसुद्धा तोच. ती कुणाला काहीच देत नाही. आवाजानं विचारलं, तुम्ही काय कराल? जॅनेल, वर्गातली शहाणी, म्हणाली, "जो हात देत नाही तो काय कामाचा?" बावीस हात वर झाले. मी नियमाप्रमाणे गप्प. मी उठेपर्यंत त्यांनी डेस्कचं झाकण आर्लिसच्या बोटांवर आपटलं होतं. तीनदा. रांगेत, धक्काबुक्की न करता. हाडं मोडलेली मला ऐकू आली. मला माझीच किळस येते.

१७ सप्टेंबर
हेडमास्तर म्हणाले, शिस्त बघा पोरांची! तिचे आईवडीलही म्हणे, बहुमत ते बहुमत. मीच ते रीळ शाळेच्या भट्टीत टाकलं. आता तिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही.

२३ सप्टेंबर
नवं रीळ. मी लावलेलं नाही. पडद्यावर बाई आहे — निळा स्वेटर, माझा. आवाज म्हणाला, या बाई गटात मिसळत नाहीत. तुम्ही काय —
जॅनेलची कात्री माझ्या दंडात. मग मानेजवळ. आर्लिसला उचलून सामानाच्या खोलीत आणलंय. कडी लावली. रक्त थांबत नाही.

बाहेर रांग. कुणी ओरडत नाही. दारावर आळीपाळीनं कुऱ्हाड — हॅल्व्हर्सननीच दिली असणार, त्यांचा आवाज येतोय, शाब्बास म्हणतायत —
जॅनेल फटीतून म्हणतेय, "आर्लिस, तुझं एकटीचं मत राहिलंय गं. आमच्यात ये ना."
मी मान हलवली. नको, बाळा.
आर्लिस माझ्याकडे बघतेय. बँडेजचा नाही, दुसरा हात — वर करतेय — कडीपर्यंत पोचतो तिचा —