बाबांच्या आवाजाची पाइपलाइन

३ मार्च, सकाळ
घशाच्या ऑपरेशनपासून बाबा पाटीवर लिहून बोलतात. ताईने त्यांच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून तो माझ्या हवाली केला. एकशे चाळीस फाइली. बाबा आम्हाला गोष्टी सांगतायत, मधेच आईला हाक मारतायत, आणि सगळीकडे खरखर. कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या तिने टाकून दिल्या. बावीसला बाबांची सत्तरी, तेव्हा ऐकवायचं. एकेक फाइल हाताने साफ कर म्हणाली. हसूच आलं. मी प्रोग्रामर आहे, धोबी नव्हे.

५ मार्च
पायथनची छोटीशी स्क्रिप्ट. तीन कमांड एकापाठोपाठ. पहिली खरखर काढणार, दुसरी आवाज वाढवणार, तिसरी फाइल लहान करणार. एकीचं आउटपुट थेट दुसरीच्या तोंडात. उद्या पहाटे उठून संपवतो.

६ मार्च, १०.४०
आत्ता उठलो. डिझाइन मात्र डोक्यात पक्कं आहे.

११ मार्च
ऑफिसातल्या टेस्टर बाईंना स्क्रिप्ट दाखवली, कौतुकासाठी. त्यांनी विचारलं, मधली कमांड आपटली तर कळणार कसं? म्हटलं, शेवटी नवी फाइल तयार झाली का ते बघतोच की. त्या म्हणाल्या, फाइल रिकामीसुद्धा तयार होते. या लोकांना शंका काढायची खोडच असते.

१४ मार्च
ताईचा फोन. मूळ फाइलींची कॉपी ठेवलीस ना, तिसऱ्यांदा विचारलं. हो म्हटलं. ठेवणारच आहे.

१९ मार्च
पेन ड्राइव्हवर जागा नाही. एक ओळ वाढवली: नवी फाइल दिसली की जुनी पुसायची. एररच्या तांबड्या ओळी छापणंही बंद केलं, डोळ्यांना त्रास होतो.

२१ मार्च, दुपार
घरच्या लॅपटॉपवर चालवली. एकशे चाळीस फाइली, अकरा सेकंदांत! एकही तांबडी ओळ नाही. एखादी ऐकून बघावी असं वाटलं. पण मग स्वतःवर विश्वास कुठे राहिला?

२२ मार्च, संध्याकाळ
मधली कमांड या लॅपटॉपवर इन्स्टॉलच नव्हती. ती ऑफिसच्या मशीनवर आहे. तिसरीला काही मिळालंच नाही, सगळ्या नव्या फाइली शून्य बाइट, रिकाम्या. मूळ फाइली पुसल्या गेल्या.
हे आत्ता कळलं. मघाशी सगळे जमले होते. मी प्ले दाबलं. काहीच नाही. पुढची फाइल. काहीच नाही. ताईला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. स्क्रिप्टमध्ये तशी चूक नव्हती असं लिहायला बसलो होतो, पण लिहवत नाही. लाज वाटते.
बाबांना वाटलं, स्पीकरचा आवाज कमी आहे. त्यांनी स्वतः उठून बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि खुर्ची जवळ ओढून ऐकत बसले.