जनी काय शिकली

उरण, ता. १८ जानेवारी १९३१

तीर्थस्वरूप धर्माजीदादास,
धाकट्या ठमीचा दंडवत. वि. वि. आम्ही मायलेकी खुशाल आहोत. तुझी, वहिनीची आणि रंगूची खुशाली कळवावी.

मी आगरावर मिठाच्या टोपल्या वाहते ते तुला ठाऊकच आहे. हे गेल्यापासून दोन वर्षं जनीच्या पायाला दोरी बांधून मी तिला झोपडीच्या खांबाला अडकवत होते. न बांधावी तर खाडीचं पाणी आत घेतात त्या चरात जायची भीती, आणि बांधावी तर ओढून ओढून घोटा सोलून घ्यायची. दिवाळीपासून दोरी सुटली. मिशनच्या केसरबाईंनी लहान पोरांचा बालवर्ग काढलाय, सकाळी तिथे सोडते. पाचवं लागलंय तिला, पण मलाच शिकवते. हात धू म्हणते, नाक पूस म्हणते, शिंपले मांडून वीसपर्यंत मोजते. परवा म्हणाली, आये, जेवायच्या आधी हात जोडून डोळे मिटायचे. मिटले बाबा, तेवढ्यात कावळ्याने बोंबील नेला. पोरगी हसून लोळली. तिला असं हसताना मी बघितलंच नव्हतं रे.

हे पत्र केसरबाईच लिहीत आहेत. माया असू दे, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठमी

---

माझगाव, मुंबई, ता. ६ फेब्रुवारी १९३१

चि. गं. भा. ठमीस,
धर्माजीचे आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. अक्षर छान होतं, आणि त्यानेच घात केला. तुझं पत्र मिशनच्या बाईच्या हातचं आहे हे वहिनीच्या भावाने ओळखलं, आणि आठ दिवसांत ते न्हाव्याला पोचलं.

न्हाव्याला का, ते ऐक. तिथल्या रावजीच्या मुलाशी रंगूचं जमलंय. तुला गोड बातमी म्हणून कळवणार होतो. आता रावजी म्हणतो, मुलीच्या आत्याची पोर पाद्र्याचा पाव खाते असं ऐकतो, आधी पंचांसमोर उलगडा करा. मिशनचा पाव खाल्ला म्हणजे बाटला, हे आपल्या लोकांच्या डोक्यात किती घट्ट बसलंय ते तुला मी सांगायला नको. तुझं डोकं कुठे चरायला गेलं होतं?

मी पंचांतल्या विठोबा पाटलांना भेटून आलो. माणूस वाईट नाही. म्हणाले, पोर नुसती बसायला जायची, अन्नाला शिवली नाही, एवढं तिच्या तोंडून चार माणसांत येऊ दे, मी प्रकरण मिटवतो. होळीच्या आधी शेव्याला देवळासमोर बैठक आहे. जनीकडून पाठ करून घे: "न्हाय, खाल्लं न्हाय." तीन शब्द आहेत. वीस शिंपले मोजते तिला जड नाहीत.

रंगूला पहिली हळद तुझ्याच हातची लागायची आहे, हे ध्यानात ठेव. आशीर्वाद आहेतच.

धर्माजी

---

उरण, ता. १९ फेब्रुवारी १९३१

तीर्थस्वरूप दादास,
ठमीचा दंडवत. वि. वि. हे पत्र मिठागराचे बाळाजी मेहता लिहीत आहेत, तेव्हा अक्षराला घाबरू नकोस. रंगूचं जमलं, ऐकून डोळे भरले. हळदीचं लुगडं मी काढून ठेवलंय.

पाठ घेतेय. पण जनी म्हणते, मी खाल्ला हाय, गुळासंगं खाल्ला, मग न्हाय कसं बोलू? बाईंनी सांगितलंय म्हणे, खोटं बोललं की कोणी बघो न बघो, आत टोचत राहतं. मी दटावलं, गूळ देते म्हटलं, शेवटी चापट मारली. आता पोपटासारखं म्हणते, पण म्हणून झालं की छातीवर हात ठेवून बघते. मला बघवत नाही.

आणि दादा, गोदीच्या दारातल्या इराण्याकडे तू चहात बुडवून काय खातोस? गेल्या शिमग्याला तूच तर चव सांगत होतास. रागावू नकोस, रंगूसाठी मी सगळं करीन. लोभ आहे तसाच राहो.

तुझी ठमी

---

माझगाव, मुंबई, ता. १२ मार्च १९३१

चि. ठमीस,
धर्माजीचे आशीर्वाद. वि. वि. बैठकीतून तू पोरीला घेऊन तडक निघून गेलीस, म्हणून लिहितो.

पाटलांनी किती मायेने विचारलं होतं. पोरीने हात जोडले, डोळे मिटले, आणि भर बैठकीत म्हणाली, "व्हय, खाल्ला. आधी डोळं मिटायचं, मंग खायाचं." वर चारचौघांना करून दाखवलं. माझा हात उठला, ते चुकलं. पाचाच्या आतली पोर ती. पण रावजी चप्पल पायात घालून उठला होता, आणि माझी रंगू खांबाआड उभी राहून रडत होती.

मग मी जे बोललो ते तू ऐकलंस. ठमी माझी कोणी लागत नाही, असं देवळासमोर म्हटलं. तोंडाने म्हटलं, मनाने नाही. न म्हणतो तर पोरीचं लग्न मोडत होतं. तू माझ्या जागी काय केलं असतंस? इराण्याचा पाव मी खातो, पाटलांचा मुलगाही खातो, पण मुंबईत कोणी विचारत नाही.

पंचांचा निर्णय ठाऊक आहे. बालवर्ग बंद करायचा, वर्षभर कोणी तुझ्याकडे पाणी प्यायचं नाही, मग शुद्ध करून घेतील. एक वर्ष काढ. आणि लग्नाला येऊ नकोस. हळद वहिनीच्या बहिणीच्या हातची लावू. तुला लुगडं पाठवतो, कोणाला दाखवू नकोस. आशीर्वाद.

धर्माजी

---

उरण, ता. १० मे १९३१

धर्माजी यांस,
नमस्कार. वि. वि. लुगडं मिळालं. आणणाऱ्या माणसाबरोबरच परत पाठवलंय. कोणी लागत नसलेल्या बाईला लुगडं कशाला?

लग्न झाल्याचं कळलं. रंगू सुखात राहो, तिच्यावर माझा राग नाही. न्हावं इथून दिसतं. वाजंत्री वाऱ्यावर ऐकू येत होती, मी टोपल्या वाहत होते.

जनीचा बालवर्ग होळीच्या आधीच बंद केला. शेजारीण पोर बघत नाही, घरात एकटी ठेवता येत नाही, म्हणून पुन्हा दोरी काढली. पहिले आठ दिवस रडली. आता रडत नाही. शिंपले मोजायला दिले होते, ते फेकून दिले.

काल केसरबाई बांधावरून चालल्या होत्या. जनीला बघून थांबल्या, खाली बसल्या, घोट्यावरचा वळ बघितला. दोरी कोणी बांधली, म्हणून विचारलं. मी टोपली डोक्यावर घेऊन दहा पावलांवर उभी. जमिनीने गिळावं असं झालं. जनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "कोनी न्हाय. माजी मीच बांधली. खेळ हाय." बाईंनी पुन्हा विचारलं, पोरीने पुन्हा तेच सांगितलं. अडखळली नाही, की छातीवर हातही ठेवला नाही.

देवळासमोर जे तीन शब्द तिला जमले नाहीत, ते आता न शिकवता येतात. विठोबा पाटलांना एवढं सांगा, पोर आपल्यात आली. शुद्धीसाठी वर्षभर थांबायला नको.

लोभ ठेवा असं कोणत्या नात्याने लिहू, ते मेहतांनाही सुचत नाही.

आगरावरची ठमी