बावखलाचा गाळ

२ एप्रिल, उमेळे
आज बावखल उपसायला घेतलं. आमचं आणि धाकट्या दिरांचं, दिनूभावजींचं, सामाईक तळं. माझा सोनचाफा त्याच पाण्यावर. दरवर्षी पाणी खाली गेलं की गाळ काढायचा, चाफ्याला घालायचा. नोकरी लागल्यापासून भावजींनी फावड्याला हात लावला नव्हता. यंदा आपणहून आले! "वहिनी, मीपन येतो." इतकं बरं वाटलं. दुपारी सुक्या बोंबलाची चटणी केली, त्यांना आवडते म्हणून.

५ एप्रिल
गाळ संपला, पांढरी रेती लागली. इथे थांबायचं. सासूबाई बजावून गेल्यात, रेतीखाली खारं पानी, तिला हात लावायचा नाय. भावजी म्हणे, "खोल घेऊ, पानी जास्त धरेल." ह्यांनीही मान डोलावली. मला पटेना. पण दोघे भाऊ एकत्र राबतायत म्हटल्यावर मीही घमेली उचलली.

१४ एप्रिल
बाजारातून आले तर बावखलाच्या काठाला टँकर! मोटर थेट नव्या खड्ड्यात. बिल्डिंगवाल्यांना पाणी विकतायत.
भावजी म्हणाले, "नुसतं पडून असतं, वहिनी. कोनाचं काय जातंय?"
ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? पेपरातून मान वर नाही. म्हणजे होतं. मी मूर्ख, घमेली वाहत होते.

२७ एप्रिल
पाणी मचूळ. चाफ्याच्या पानांच्या कडा करपल्या, कळ्या गळतायत. ह्यांना पेलाभर पाजलं. थुंकले. "पाऊस पडला की होईल गोड." बस, एवढंच. आणि तोवर झाडं? जाऊ दे... नाही, का जाऊ दे?

२८ एप्रिल
टँकर येतो माझ्या वाडीच्या फाटकातून. वाडी सासूबाईंनी माझ्या नावावर केलेली. सकाळी कुलूप ठोकलं. बाहेर हॉर्नवर हॉर्न. भावजी ओरडले, "वहिनी, घरातलं मानूस असं वागतं काय?"
"तेच विचारतेय मी तुम्हाला," म्हटलं.
चावी कमरेला खोचली. राग होता, आणि रडूही येत होतं.

२९ एप्रिल
फाटक बंदच. भावजी बोलत नाहीत. हे आत्ता शेजारी येऊन बसले. आवाज एकदम मऊ. "चावी दे. दोनच दिवस, मग बंद करायला सांगतो त्याला. तुझी शपथ."
लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वतःसाठी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही ह्यांनी. पहिल्यांदा मागितलं, ते हे.
अजून दिलेली नाही.