सर्व्हरची खंडेनवमी

१५ सप्टेंबर, सोमवार

अर्जुनरावांना सर्व्हर बघायचा आहे!

सकाळी साडेनऊला फोन. वर्ष झालं वापरतोय, एकदा दाखवा तरी, म्हणाले. मोशीचा जुना शेतकरी माणूस, आता चाकणला पत्र्याचे पार्ट काढणारा कारखाना. ते आणि आणखी दहा छोटे कारखानदार मिळून माझ्याकडून एक व्हर्च्युअल सर्व्हर घेतात. अकरा जणांच्या ऑर्डरी, ड्रॉइंगं, माल पाठवल्याच्या चिठ्ठ्या — सगळं त्यावर. माझा धंदा म्हणजे हे अकरा. त्यांच्याशिवाय एक ब्यूटी पार्लर आणि एक वधूवर मंडळ.

समजावलं, की दाखवण्यासारखं काही नसतं. मुंबईकडे एका इमारतीत मोठं मशीन आहे, त्यातला तुकडा मी भाड्यानं घेतो आणि तुम्हाला वापरायला देतो. चाळीतली खोली समजा. त्यांच्या स्वतःच्या बावीस खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत, म्हटलं पटकन पटेल. तर म्हणतात, मग खोली दाखवा. मी म्हणालो, या खोलीला भिंती नसतात. त्यावर ते —

"सुजितराव, भिंत न्हाई, दार न्हाई, आन् भाडं तेवढं हाय?"

करिष्मा टिफिन भरता भरता हसत होती. माझी बायको असून त्यांच्या बाजूनं!

१७ सप्टेंबर, बुधवार

मोशीला जाऊन आलो. खरं कारण कळलं. पहिली ऑक्टोबर, खंडेनवमी.

त्या दिवशी त्यांच्या कारखान्यात सगळी मशीनं बंद. प्रेस, लेथ, कॉम्प्रेसर, टेम्पो, वजनकाटासुद्धा — सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. गेल्या वर्षी सर्व्हर तेवढा राहिला आणि दिवाळीआधी त्यांच्या प्रेसची महागाची डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, तडकली. अर्जुनरावांच्या आई अंबुबाई, वय ब्याऐंशी, त्यांनी दोन्हीचा संबंध जोडलाय. वर्षभर राबणाऱ्याला साधं कुंकू लावलं नाही तर तो रुसणारच, असं त्यांचं म्हणणं.

मी सुचवलं, पूनमच्या लॅपटॉपला हार घाला. पूनम त्यांच्या मोशीच्या ऑफिसात डिस्पॅच बघते. म्हातारीनं मान हलवली. लॅपटॉप पूनमचा, सर्व्हर सगळ्यांचा.

निघताना अर्जुनराव हळूच म्हणाले, चिंचवडचा एक जण खोक्यासकट सर्व्हर देतोय. अकरा जणांत तशी चर्चा आहे.

झालं! पर्मनंट नोकरी सोडून हे दुकान मांडलं. सासरे अजून मला ‘सध्या काय करता’ असंच विचारतात. अकरा गेले तर खरंच काही करत नसेन.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

भंगारातून काळं कॅबिनेट आणलं. आत एक पंखा, एक निळा दिवा. बाकी मोकळं. करिष्माला म्हटलं, मूर्तीसारखं समज, देव काय मूर्तीतच असतो का? ती म्हणाली, "मग त्यांना सांग ना, ही मूर्ती आहे म्हणून."

हिला कशाला सांगितलं देव जाणे.

२० सप्टेंबर, शनिवार

नेऊन दिलं. सांगायचं होतं की नुसतं पूजेसाठी आहे. तोंडातून निघालं — हा तुमचा सर्व्हर. अर्जुनरावांचा चेहरा असा खुलला की पुढचं बोलवेना. मग त्यांनी दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि हलका आहे म्हणाले. अकरा जणांचा माल आणि इतका हलका?

सर्व्हिसिंग राहिलंय म्हणालो आणि परत घेऊन आलो.

२१ सप्टेंबर, रविवार

आत दोन पेव्हर ब्लॉक बसवले. सोसायटीच्या पार्किंगमधले, उखडलेलेच होते. आता वजन बरोबर वाटतं.

इंजिनिअरिंगची चार वर्षं!

२४ सप्टेंबर, बुधवार

अकराही जण दर्शनाला. दर्शनच म्हणायचं. मोशीच्या ऑफिसात त्याच्या खोलीला नवा एसी, दारात चपला, आणि रात्री राखणीला खास वॉचमन ठेवलाय — गणराज. परभणीचा निघाला, माझ्याच तालुक्याचा. गाववाला भेटला म्हणून त्याला कोण आनंद. बायको-पोरं आणलीत म्हणाला, नोकरी मिळाली ती तुमच्या मशीनमुळं.

रोहिदासशेठ, शाफ्ट बनवणारे, त्यांनी विचारलं, आमचं सामान ह्यात कुठल्या बाजूला? मी गाढवासारखा सहज म्हणालो, वर. पेटलं! वर गरम होतं का, खाली धूळ बसते का, रोहिदासलाच वर का? दोन तास. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि खोक्यावर अकरा नावांची अकरा स्टिकरं चिकटवली. अर्जुनराव अकरा जणांचे अध्यक्ष असून तळाला आले. लागलं त्यांना.

त्यांच्या स्टिकरच्या मागे ब्लॉक आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

पूनमनं विचारलं, दादा, याला नेटची वायर कुठाय? वायरलेस आहे म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग कामाला लागली, कुणाला काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लाज वाटते. ठरवलं. दसऱ्याला सकाळी मोशीला जायचं, खोकं उघडायचं, अर्जुनरावांना खरं सांगायचं. मग जातील ते जातील.

३० सप्टेंबर, मंगळवार

नवीन भानगड. मी निळा दिवा घालवणार होतो, तेवढ्यात पूजा उरकली असती. पण अर्जुनरावांनी बजावलं, अकरा जणांची ऑर्डरींची साइट मोबाइलवरही बंद दिसली पाहिजे. चालू मशीनला हार घालतात का कधी? बरोबर आहे. म्हणजे उद्या खरा सर्व्हरच बंद करायचा. एका दिवसानं काही बिघडत नाही, पूनमनं माल घेणाऱ्या सगळ्या कंपन्यांना कळवलंय.

त्यांच्याकडे मेन स्विच घरातली सगळ्यात मोठी बाई पाडते. त्यामुळे बटण अंबुबाई दाबणार.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

दिवस चांगला गेला! नवल आहे.

अकरा जण सहकुटुंब. खोकं पाटावर, झेंडूखाली दिसेना. मी माझ्या लॅपटॉपवर सर्व्हर चालू-बंद करायचं पॅनेल उघडून दिलं, अंबुबाईंना खुर्चीत बसवलं आणि लाल बटण दाखवलं. तेवढ्यात मला टोपी घालायला ओढून नेलं. सर्व्हरवाल्याचा मान! मागून आवाज येत होते. स्क्रीन विचारत होता, नक्की का? रोहिदासशेठ त्यांना वाचून सांगत होते, व्हय म्हणा, काकी. असं तीनदा झालं. तीनही वेळा टाळ्या.

"तीन-तीनदा इचारतंय," अंबुबाई म्हणाल्या. "लई मर्यादेचं हाय."

मोबाइलवर साइट बंद. नारळ फुटला. म्हातारीनं खोक्यावरून हात फिरवला आणि दमला असशील रे म्हणाली. मला भरून आलं, खरंच. पुरणपोळ्या चार खाल्ल्या. अर्जुनरावांनी अकरा जणांसमोर सांगितलं, चिंचवडवाल्याला आपण ‘नको’ म्हणून कळवलंय.

उद्या सांगायचंच आहे. आज झोपतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पोलीस चौकीच्या बाहेर बाकावर बसून लिहितोय.

सातला चालू करायला बसलो. यादीत सर्व्हरच नाही. बंद करताना पॅनेल एकदाच विचारतं. तीनदा विचारतं ते कायमचं पुसताना; ते बटणही लालच, शेजारचं. बॅकअपही त्याच्याबरोबर गेले. मुंबईला फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, सर, तुमच्याकडूनच होय आलंय.

तसाच मोशीला गेलो. सगळंच सांगून टाकायचं म्हणून आधी खोक्याचं झाकण उघडलं. मी तोंड उघडायच्या आत अर्जुनरावांनी ब्लॉक पाहिले. रात्रीतून कुणीतरी आतलं काढून दगड भरले, म्हणाले. साइट बंद, ऑर्डरी गायब — सगळं जुळलं त्यांचं. रात्रभर त्या खोलीत एकटा गणराज होता.

त्याला आत बसवलंय. त्याची बायको माझ्या शेजारी बाकावर बसली आहे, मांडीवर पोरगी. साहेब तुम्ही आमच्या गावचे, तुम्ही सांगितलं तर ऐकतील, म्हणते.

मी अजून काही बोललेलो नाही. हवालदारानं आत बोलावलंय. फिर्यादीच्या बाजूनं पहिला साक्षीदार म्हणून अर्जुनरावांनी माझं नाव दिलंय.