ओस्मान माशांचा पाहुणचार

चि. बुरुल,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? जावईबापूंचा खोकला थांबला का? धाकट्या सुनेचं बाळ अंग धरतंय ना? आणि कबरी घोडी?

मी ठणठणीत आहे. इसिक-कुलच्या काठी हे मत्स्यालय झाल्यापासून शाळेच्या मुलांना मी सरोवरातले मासे दाखवतो. जन्मभर जाळी टाकून ज्यांचा फडशा पाडला, त्या ओस्मान माशांची राखण आता माझ्याच गळ्यात! पिल्लं झाली की सरोवरात सोडायची आहेत.

हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली, दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगतो. नऊ ओस्मान नव्याने आले. दारी आलेल्याच्या तोंडाला नान लावल्याशिवाय आपण त्याला सोडतो का? मी टाकीत अख्खा नान कुस्करला. सकाळी पाणी नासलेलं, आणि मासे वर येऊन तोंडं उघडताहेत.

आयपेरी, आमची साहेबीण, नातीच्या वयाची. तिला खरं ते सांगितलं. म्हणाली, "आजोबा, चहा तेवढा राहिला की पाजायचा!" मग बाह्या सारून माझ्यासोबत दिवसभर पाणी बदलत राहिली. दोन दगावले, सात तरले.

मला वाटलं, नोकरी गेली. तर म्हणते, "ही चूक मुलांना तुम्हीच सांगा. माझं ऐकून ती जांभया देतात."

रोज सांगतो. अजून जीभ अडखळते.

काल टाकीच्या तळाशी खड्यांना चिकटलेली अंडी दिसली, बुरुल! मोजली नाहीत, दृष्ट लागेल.

उत्तर लवकर टाक. हे वाचून तू हसलीस की रागावलीस, ते मला कळायला हवं.

तुझा दादा,
सापारअली